दाबून आणलेल्या कुर्ल्या

सासूबाईंना मी घराबाहेर काढलं ते सहा कुर्ल्यांच्या जोरावर. आवाज चढवला नाही, आदळआपट केली नाही, कुणापुढे रडून दाखवलं नाही. आजही आमच्या नात्यागोत्यात मला कुणी वाईट म्हणत नाही. उलट बावीस वर्षं सासूचं केलं म्हणून कौतुक होतं, आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेते.

मी पुण्याची, शाकाहारी घरातली. सुधन्वाशी लग्न करून दिल्लीला आले तेव्हा हे लोक करोल बागेत भाड्यानं राहत. सासरे, बळवंतराव, केंद्र सरकारच्या नोकरीत. मूळ मालवणचे. दिल्लीत चाळीस वर्षं काढली तरी रविवारी यांना कुर्ल्या लागतात. खेकड्याला ते कुर्ली म्हणतात, आणि जो खेकडा म्हणतो तो परका. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, मला मोरीपाशी बसवलं आणि दोरी सोडलेली जिवंत कुर्ली माझ्या हातात दिली. "आधी नांग्या मोड. पिरगळायची आणि ओढायची." नव्या सुनेनं घरातली पहिली कुर्ली स्वतः मोडायची असा त्यांच्यात रिवाज आहे म्हणाल्या. खरंच होता की माझ्यासाठी त्याच दिवशी तयार केला, देव जाणे. कुर्लीनं माझं बोट धरलं आणि मी किंचाळले. सासूबाईंनी शेजारच्या पंजाबणीला हाक मारून बोलावलं आणि दोघी पोट धरधरून हसल्या. "आमच्या सुधन्वानं वरणभातवाली आणलीय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझं ते नावच पडलं.

माझे वडील गेले तेव्हा मी पुण्याहून परतले ती रविवारची सकाळ होती. स्टेशनवरून घरी आले तर मोरीत कुर्ल्या तयार. "हात धू आणि मोडायला घे," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, आज नको." त्यावर त्यांचं उत्तर मला अक्षरशः पाठ आहे. "बाप तुझा गेला. रविवार आमचा नाही गेला." सुधन्वा पेपर वाचत होता. मी मोडल्या, आणि रडत मोडल्या. त्याच वेळी मनात काही ठरवलं वगैरे म्हणणार नाही. ठरवलं काहीच नाही, फक्त विसरले नाही.

त्यांनी चांगलं काही केलंच नाही का? केलं. माझ्या लेकीच्या, इशिताच्या वेळी मला तीन महिने अंथरुणावरून उठू दिलं नाही, सगळं हातात आणून दिलं. पण ते आठवायचं काम सुधन्वाचं आहे आणि तो ते न चुकता करतो.

आता आम्ही द्वारकेला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. सुधन्वा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, सकाळी कंपनीच्या बसनं जातो. इशिता कॉलेजात. मी कानाला हेडफोन लावून घरूनच नोकरी करते. म्हणजे दिवसभर घरात मी आणि त्या. माझा कॉल सुरू झाला की त्यांना नेमकी हिंगाची डबी सापडत नाही. गेल्या वर्षभरात गॅस तीनदा चालू राहिला. दोनदा त्यांच्याकडून. तिसऱ्यांदा माझ्याकडून, कॉलच्या नादात. घरभर वास सुटला, सुधन्वानं आईकडे पाहिलं, आणि मी गप्प बसले.

गुरगावच्या पुढे सोहन्याच्या रस्त्याला वृद्धांसाठी एक निवास आहे. ज्यांची आठवण गेली आहे अशांसाठी तिथे वेगळा मजला आहे, त्याच्या जिन्याला कुलूप असतं. मी तिथलं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि सुधन्वाच्या हातात दिलं. "मला त्या कुलपात टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "बाकी काय करायचं ते करा. माझं स्वयंपाकघर माझ्याकडे राहू दे." सुधन्वाचे डोळे भरून आले. नंतर मला म्हणाला, "आईचं डोकं बिल्कुल ठीक आहे, यार. अजून कुर्ल्या बघ कशी करते."

तिथंच मला वाट दिसली.

माझी नणंद सुनीती नाशिकला असते. ती आणि तिचा नवरा हरीश नोएडातल्या एका लग्नासाठी येणार होते. तिनंच फोनवर तोडगा काढला. रविवारी आईला सगळा स्वयंपाक एकटीला करू दे, कुर्ल्या करू दे. मोडायचं काम देवयानीचं, म्हणजे माझं, असतं तेवढं तिनं करावं, बाकी कुणी मध्ये बोलायचं नाही. "आईनं आजवर या घरात पोकळ कुर्ली शिजू दिलेली नाही. तशीच जमली तर विषय बंद, पुन्हा काढायचा नाही. नाही जमली तर निवासाच्या अर्जावर मीच सही करते," सुनीती म्हणाली. सुधन्वा हो म्हणाला. सासूबाईंनी नाक उडवलं. "परीक्षा? माझी? बरं."

कुर्ली भरलेली आहे की पोकळ हे वरून दिसत नाही. ती उलटी करायची आणि पोटाकडून, पायांच्या मुळाशी अंगठ्यानं दाबायची. घट्ट लागली तर आत मांस. दबली तर नुसतं पाणी. सासरे बाजारातून पिशवी घेऊन आले की सासूबाई त्यांना दारातच थांबवत, एकेक कुर्ली दाबून बघत आणि एखादी जरी दबली तरी चपला काढू न देता परत पाठवत. सरकारी खात्यात ज्यांच्यापुढे चार माणसं उभी राहत ते बळवंतराव पिशवी घेऊन निमूटपणे जिना उतरत. हे सगळं आमच्याकडे हसत सांगितलं जातं.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. सासूबाईंना बरीच वर्षं साखर आहे. गेल्या थंडीत त्या तव्यावरची पोळी हातानं उलटत होत्या आणि बोट तव्याला तसंच टेकलेलं राहिलं. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात उचलला. टोकाला फोड आला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. दहाही बोटांची टोकं बधिर झाली होती. "सुधन्वाला सांगू नकोस गो," त्या म्हणाल्या. "मला ओट्यापाशी उभीसुद्धा राहू देणार नाही." बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी शब्द दिला आणि पाळला. अगदी शेवटपर्यंत पाळला.

शुक्रवारी सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. "देवयानी, काल पुनव झाली. पुनवेच्या कुर्ल्या पोकळ निघतात. सुनीतीला सांग, पापलेट करू." डोकं गेलेल्या बाईचं हे बोलणं नव्हे, मला कळत होतं. मी म्हटलं, "आई, इथे माल चार दिवसांचा शिळा येतो, ओडिशाहून. इथे कुठली आलीय पुनव? आणि ताईंनी कुर्ल्यांचीच फर्माईश केलीय." लेकीचं नाव काढलं की त्या विरघळतात. "अच्छा, मग नीट बघून आण," त्या म्हणाल्या. सुनीतीला मी काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मी मेट्रोनं तासभर प्रवास करून चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारात गेले. ओल्या गोणपाटाखाली कुर्ल्या होत्या, नांग्या सुतळीनं बांधलेल्या, डोळ्यांच्या काड्या वर-खाली करत. मी एकेक उलटी करून अंगठ्यानं दाबत होते. जी घट्ट लागेल ती परत टाकत होते, जी दबेल ती बाजूला काढत होते. बंगाली मासेवाला बघत राहिला. "दीदी, उलटा कर रही हो. ये सब हल्का है, पानी निकलेगा. भरा हुआ मैं देता हूँ." मी म्हटलं, "यही दो." त्यानं खांदे उडवले. "मेहमान के लिए है?" "घर के लिए है," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा सुधन्वा सुनीती आणि हरीशरावांना मेट्रो स्टेशनवरून आणायला गेला होता. इशिता तिच्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघरात सासूबाई आंघोळ करून, इस्त्रीची सुती साडी नेसून उभ्या. परीक्षेला बसायचं म्हणून बाईनं केसांत मोगऱ्याचं फूलसुद्धा खोवलं होतं. मी पिशवी मोरीत ओतली.

त्यांनी पहिली कुर्ली उचलली आणि उलटी केली. अंगठा ठेवला, दाबला. परत दाबला. मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिल्या. दुसरी उचलली. एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा होता, म्हणून कुर्ली खिडकीशी नेऊन पाहिली, हातात जोखून पाहिली. मी ओट्याला टेकून उभी होते. त्यांनी दाराकडे नजर टाकली, कुणी नाही ना ते पाहिलं, आणि हळूच मला विचारलं, "भरलेल्या आहेत ना गं?"

हे त्यांनी मला विचारलं. मला, वरणभातवालीला.

त्या क्षणी मी "नाही" म्हणू शकले असते. अर्ध्या तासात पापलेटं आली असती. मी म्हटलं, "हो आई. एकेक दाबून आणलीय."

"मग झालं," त्या म्हणाल्या. कुर्ली खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "शिकलीस हो."

मला बरं वाटलं. अजूनही त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. पिशवीभर पोकळ कुर्ल्या आणून उभी असलेली मी, आणि त्या बाईच्या दोन शब्दांनी मला बरं वाटलं.

मोडायला मी बसले. आता माझं बोट धरायची कुर्लीची हिंमत होत नाही. बावीस वर्षांत हात इतका बसलाय की ती पाय झाडायच्या आत तिच्या नांग्या ताटात असतात. कवचं उघडली, आत पाणीच होतं. मी ते भराभर धुतलं, तुकड्यांना हळद-मीठ-मसाला चांगला जाड चोळला आणि पातेलं झाकून पुढे सरकवलं. आणि त्या बाईनं स्वयंपाक काय केला! कांदा-खोबरं भाजायला घेतलं, कुठल्या क्षणी काढायचं ते वासावर ओळखलं. बारके पाय पाट्यावर ठेचून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून त्यांचा रस रश्शासाठी वेगळा ठेवला. चाळीस बारीकसारीक गोष्टी, एकीमागून एक, एकही मागेपुढे झाली नाही. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे हे मी त्या दीड तासात डोळ्यांनी पाहिलं.

एक वाजता सगळे टेबलाशी बसले. सासूबाईंनी स्वतः वाढलं. जुनी पद्धत, मोठ्या नांग्या लेकीला आणि जावयाला. मी माझं वरण-भात घेऊन कोपऱ्यात बसले. आजतागायत मी कुर्ली तोंडात घातलेली नाही.

सुनीतीनं डोळे मिटून रश्शाचा वास घेतला. "आई गं!" मग नांगी दाताखाली धरली. कड् आवाज झाला आणि पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिनं आत बोट घालून पाहिलं. दुसरी फोडली. तीही तशीच. हरीशराव सज्जन माणूस, ते पटकन म्हणाले, "रस्सा एक नंबर झालाय हं, आई." सुधन्वा एकेक तुकडा फोडून ताटाच्या कडेला ठेवत होता. इशितानं कवच उलटं धरलं. "आजी, इसमें तो कुछ है ही नहीं."

सासूबाईंनी सुनीतीच्या ताटातली नांगी उचलली, डोळ्याशी नेली. रंग उतरला त्यांचा.

"आई, तू दाबून नाही बघितल्यास?" सुनीतीनं विचारलं.

"देवयानीनं दाबून आणल्या. मी हिला विचारलं. ही म्हणाली भरलेल्या आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घास गिळला आणि शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हटलं, "आई, मी असं कसं म्हणेन? मला काय कळतंय कुर्ल्यांतलं? तुम्हीच म्हणता ना."

कुणालाही शंका आली नाही. येणार कशी? मला कुर्ल्यांतलं कळत नाही हे त्यांनीच बावीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला हसत हसत सांगितलं होतं. आणि सुमित्राबाई आपल्या सुनेला कुर्ल्यांबद्दल विचारतील, हे कुणाला खरं वाटलं असतं?

"मी पुनव आहेसुद्धा म्हटलं होतं. पापलेट करू म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?" सुधन्वानं विचारलं.

"हिलाच. शुक्रवारी."

मी सुधन्वाकडे पाहून मान किंचित हलवली. नाही म्हणण्याइतकीसुद्धा नाही, 'जाऊ दे' म्हणण्याइतकी.

"आई, पुनव आहे हे माहीत होतं तर मग केल्यास कशाला?" सुधन्वाचा आवाज फुटला.

त्यांच्याकडे उत्तर होतं. हात टेबलावर ठेवून 'माझ्या बोटांना कळत नाही' एवढं म्हटलं असतं तरी सुटल्या असत्या. डॉक्टरनं एका सुईनं ते सिद्ध करून दिलं असतं. पण त्यांनी हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फाडून खाणार. मी तयारीत बसले होते. खरं सांगते, मला ते हवंच होतं. त्यांनी ताट भिरकावावं, मला खोटारडी म्हणावं, बावीस वर्षांचं एकदा समोरासमोर होऊन जावं. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं ना गं तुला? सकाळी, तू ओट्यापाशी उभी होतीस..."

"नाही, आई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यावरची नजर काढून समोरच्या नांगीकडे नेली. मग म्हणाल्या, "असेल. मला वाटलं विचारलं." आणि उठून सगळ्यांची ताटं गोळा करायला लागल्या. सुनीती तोंडाला रुमाल लावून रडत होती. रस्सा तसाच राहिला, कामवाली डबा भरून घेऊन गेली.

सुनीतीनं जायच्या आधी सही केली. निवासात जागा व्हायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मला जड गेले, हे कबूल करते. त्यांची आठवण चांगली होती, तिच्यावरचा त्यांचा विश्वास मात्र उडाला होता. गोळी घेऊन झाल्यावर माझ्याकडे येत, "देवयानी, मी गोळी घेतली का गं?" मी म्हणायची, घेतली. "नक्की? तू पाहिलंस?" गॅसपाशी त्या जाईनातच. हिंगाची डबी हातात धरून विचारत की हिंगाचीच आहे ना. निवासातला डॉक्टर घरी येऊन प्रश्न विचारून गेला. आज वार कुठला, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत या. सगळं त्यांना येत होतं. पण प्रत्येक उत्तराआधी त्या माझ्याकडे बघत, आणि मी मान हलवल्याशिवाय बोलत नसत. डॉक्टरनं ते टिपून घेतलं आणि सुधन्वाला बाजूला नेऊन सांगितलं की निर्णय घेतलात तो वेळेवर.

त्या दिवसांत त्यांनी मला एकदाही वरणभातवाली म्हटलं नाही. मी वाट बघत होते. एकदा म्हटलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही त्यांना घेऊन गेलो. सुधन्वा गाडी चालवता चालवता डोळे पुसत होता. मागच्या सीटवर त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर पर्स, कुठे तक्रार नाही. गुरगावच्या राजीव चौकात उड्डाणपुलाखाली सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांना माझा हात कळत नसणार, तरी घेतला. "तू त्या दिवशी खरं सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी असती तर मला सांभाळून घ्यायला हो म्हणाली असती. मग मी आणखी किती दिवस घरात काय काय करून ठेवलं असतं कोण जाणे. इशिता असते घरात."

मी खिडकीबाहेर पाहिलं. एक वाक्य होतं माझ्याकडे. सुधन्वानं यू-टर्न घेतला असता आणि तासाभरात आम्ही घरी असतो. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले. सुधन्वानं गाडी पुढे काढली.

निवासाच्या ऑफिसात एक तरुण नर्स फॉर्म भरत होती. नाव, वय, साखर, रक्तदाब. सुधन्वा सामान वर न्यायला गेला होता. जिन्याच्या दाराला खरोखरच कुलूप होतं, त्याच्यासाठी ते उघडून परत लावलं गेलं. नर्सनं पेन थांबवून मोठ्यानं विचारलं, "अम्माजी, ये कौन हैं आपके साथ?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे एक त्यांना माझी मान हलण्याआधी सांगता आलं.

"मेरी बहू है," त्या म्हणाल्या. "मुझे कुछ याद नहीं रहता, बेटा. जो भी पूछना हो, इसको पूछना. ये झूठ नहीं बोलती."

नर्स हसली. फॉर्मवर एक रकाना होता, रुग्णाच्या वतीनं सगळे निर्णय कोण घेणार त्याचा. तिनं त्यात माझं नाव लिहिलं आणि फोन नंबर विचारला. मी तो सांगितला, आणि तिनं बरोबर लिहिलाय ना म्हणून परत एकदा वाचून दाखवला.